हरणे परवडणारा सेनापती

जानेवारी १७८१. अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध चालू होते. नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅमसोर्स मिल या ठिकाणी इंग्रजांची फौज स्वतःचेच सामान जाळत होती. तंबू, कपड्यांचे जादा जोड, गाड्या, खाण्यापिण्याचा साठा, इतकेच काय, रमची पिंपेही. सेनापतीने सुरुवात स्वतःच्या सामानापासून केली. लॉर्ड चार्ल्स कॉर्नवॉलिस हा काही चैनी उमराव नव्हता. शिपायांना जे सोसायला सांगायचे ते आधी आपण सोसावे, हे त्याला कळत होते. फौज हलकी झाली की पुढे निसटत चाललेल्या अमेरिकन सेनापती नॅथॅनिएल ग्रीनला गाठू आणि दक्षिणेतले बंड एकदाचे निकालात काढू, असा त्याचा हिशेब होता.

पानिपताच्या चर्चा ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हा निर्णय चटकन पटेल. बुणगे सोबत घेतल्यामुळे भाऊसाहेबांची फौज जड झाली, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. इथे एका सेनापतीने बुणगे पेटवूनच दिले. मग व्हायचे काय झाले? ग्रीन १४ फेब्रुवारीला डॅन नदी ओलांडून व्हर्जिनियात गेला. कोणत्या उतारावर किती होड्या लागतील याची पाहणी त्याने आधीच करून घेतली होती. काठावरच्या होड्या गोळा करून त्याने पलीकडे नेल्या आणि कॉर्नवॉलिस फुगलेल्या पाण्याकडे पाहत राहिला. थोड्याच दिवसांत ग्रीनच परत आला आणि महिन्याभराने गिलफर्ड कोर्टहाऊसजवळ आपल्या सोयीची जागा निवडून उभा राहिला. १५ मार्चला कॉर्नवॉलिसने सुमारे १,९०० सैनिकांनिशी आपल्या दुपटीहून मोठ्या फौजेवर हल्ला चढवला आणि तिला मैदानातून मागे रेटले. ग्रीन तोफा टाकून गेला. म्हणजे रूढ मापाने विजय इंग्रजांचा. पण त्या दुपारी कॉर्नवॉलिसच्या फौजेतला चौथ्या हिश्शाहून अधिक माणूस मेला किंवा जखमी झाला. रात्री पाऊस कोसळला. तंबू रॅमसोर्स मिलला जळून गेले होते, आणि जखमी शिपाई उघड्यावर पडले होते. ही बातमी लंडनला पोहोचल्यावर विरोधी पक्षाचा पुढारी चार्ल्स जेम्स फॉक्स संसदेत म्हणाला की असा आणखी एक विजय मिळाला तर ब्रिटिश सैन्य संपेल.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे २०२६ हे अडीचशेवे वर्ष. अशा निमित्ताने सेनापतींची जुनी तुलना पुन्हा वर येते. जॉर्ज वॉशिंग्टन खरोखर मोठा सेनानी होता का? त्याने जिंकल्या त्यापेक्षा हरलेल्या लढाया जास्त. ग्रीनने तर दक्षिणेत स्वतः लढवलेली एकही मोठी लढाई निर्विवाद जिंकली नाही. उलट होव, क्लिंटन, कॉर्नवॉलिस या इंग्रज सेनापतींच्या नावावर लाँग आयलंड, ब्रँडीवाइन, चार्ल्सटन, कॅम्डेन असे विजय आहेत. यातून दोन निष्कर्ष निघतात आणि दोन्ही लोकप्रिय आहेत. एक : वॉशिंग्टन सामान्य वकुबाचा होता, फ्रान्सने त्याला तारले. दुसरा : इंग्रज सेनापती मूर्ख होते, म्हणून जिंकत असलेले युद्ध हरले. मला हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे वाटतात. एवढेच असते तर इतिहासाच्या अभ्यासकांवर सोडून देता आले असते. पण या निष्कर्षांमागचे माप आपण सगळीकडे वापरतो. शाळेच्या पुस्तकात, व्याख्यानमालेत, पुतळ्याच्या चौथऱ्यावर लढाया मोजतो आणि त्यावरून नेतृत्व ठरवतो. वसाहतीच्या स्वातंत्र्ययुद्धात हे माप चालत नाही, कारण तिथे समोरासमोर उभे असलेले दोन सेनापती एकाच गोष्टीसाठी लढत नसतात. प्रत्येकाकडे खर्च करायला वेगळे काही असते आणि जपायला वेगळे. आपल्याकडची कोणती गोष्ट एकदा गेली की परत मिळणार नाही, हे ज्याला ओळखता आले आणि त्याप्रमाणे वागता आले, तो सेनापती. माझ्या मते अशा युद्धात पहिली कसोटी हीच.

इंग्रज सेनापतीला परत न मिळणारी गोष्ट होती शिक्षित शिपाई. तीन हजार मैलांचा समुद्र मध्ये. भरती, कवायत, जहाज, प्रवासातले आजार हे सगळे पार करून एक शिपाई अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरायचा. माणसे पुरेनात म्हणून जर्मन संस्थानिकांकडून पलटणी भाड्याने घ्याव्या लागल्या. विल्यम होवला या शिपायाची किंमत १७ जून १७७५ रोजी कळली. बॉस्टनजवळच्या बंकर हिलच्या लढाईत त्याने टेकडी घेतली, पण हजारावर माणसे मेली वा जखमी झाली. त्यानंतरच्या वर्षी लाँग आयलंडवर त्याने वॉशिंग्टनच्या डाव्या बगलेवरची मोकळी खिंड हेरून रातोरात वळसा घातला आणि अमेरिकनांची दाणादाण उडवली. ब्रुकलिनच्या तटबंदीपुढे मात्र त्याने हात आखडता घेतला. सरळ धावा न करता तो खंदक खणू लागला. २९ ऑगस्ट १७७६ च्या रात्री वॉशिंग्टनने मार्बलहेडच्या कोळी-नावाड्यांच्या मदतीने सुमारे नऊ हजार माणसे ईस्ट रिव्हरपार नेली. पहाटे धुके पडले आणि शेवटच्या होड्याही सुखरूप निघाल्या. होवने तेव्हाच धावा केला असता तर युद्ध संपले असते, असे म्हटले जाते. असेलही. पण बंकर हिलचा उतार ज्याने डोळ्यांनी पाहिला त्याला दुसऱ्यांदा तोच जुगार खेळायचा नव्हता, याला मी मूर्खपणा म्हणणार नाही.

होवची खरी अडचण वेगळीच होती. त्याला आणि त्याचा भाऊ ॲडमिरल रिचर्ड होव याला लंडनने दोन कामे एकदम दिली होती : बंड मोडा, आणि समेटही घडवा. लाँग आयलंडच्या विजयानंतर दोनच आठवड्यांनी, ११ सप्टेंबरला, ॲडमिरल होव स्टेटन आयलंडवर काँग्रेस या वसाहतींच्या प्रतिनिधीसभेतल्या फ्रँकलिन, ॲडम्स आणि रटलेज यांच्याशी बोलणी करत बसला होता. बोलणी फिसकटली. ज्यांना उद्या पुन्हा राजाचे प्रजाजन करून घ्यायचे आहे त्यांना आज किती मारायचे? याचे उत्तर लष्करी पुस्तकात नसते. शिवाय विल्यम होव आणि कॉर्नवॉलिस हे दोघे सेनापती मनाने या युद्धाच्या बाजूचे नव्हतेच. विल्यम होवने नॉटिंगहॅमच्या मतदारांना आपण अमेरिकनांविरुद्ध लढायला जाणार नाही असे सांगितले होते. कॉर्नवॉलिसने १७६६ मध्ये, वसाहतींवर हवे ते कायदे लादण्याचा संसदेचा हक्क सांगणाऱ्या कायद्याविरुद्ध उमरावांच्या सभागृहात मत दिले होते. त्याच्यासोबत जेमतेम चारजण होते. पुढे राजाचा हुकूम आला आणि दोघेही गेले. हे मी त्यांची बाजू सावरण्यासाठी सांगत नाही. पटत नसलेले युद्ध नीट लढणारा माणूस त्या युद्धाची जबाबदारी टाळू शकत नाही. पण पराभवाचे खापर सेनापतीच्या डोक्यावर फोडले की तो हुकूम देणारे सहीसलामत सुटतात, हे मात्र आपण पाहिले पाहिजे.

१७७७ साल हे त्याचे धडधडीत उदाहरण. इंग्रजांचा जनरल बर्गॉइन कॅनडातून हडसन नदीच्या दिशेने खाली यायचा होता. होवने वर जाऊन त्याला मिळावे की फिलाडेल्फिया घ्यावे? लंडनमध्ये वसाहतींचा मंत्री लॉर्ड जॉर्ज जर्मेन याने दोन्ही बेतांना मान्यता दिली. हुकमाचे कागद समुद्रापार जायला दोन-दोन महिने लागत. होव जहाजातून फिलाडेल्फियाकडे निघून गेला. ब्रँडीवाइनला वॉशिंग्टनला हरवून २६ सप्टेंबरला त्याची फौज बंडखोरांच्या राजधानीत शिरली. आणि पुढे? काहीच नाही. काँग्रेस आपली दप्तरे घेऊन यॉर्क नावाच्या गावी गेली आणि तिथून कारभार करू लागली. युरोपात राजधानी पडली की राजा तहाला येतो. इथे राजाच नव्हता. तिकडे १७ ऑक्टोबरला सॅराटोगा इथे बर्गॉइनने सुमारे ५,८०० माणसांसह शस्त्रे खाली ठेवली, आणि चार महिन्यांत फ्रान्सने अमेरिकेशी तह केला.

वॉशिंग्टनला परत न मिळणारी गोष्ट शिपाई नव्हती, गावही नव्हते. ती होती फौज नावाची संस्था. काँटिनेंटल आर्मी जोवर कुठेतरी उभी आहे, तोवर तेरा वसाहतींचे मिळून काहीतरी एक आहे, असे म्हणता येत होते. ती विरली की उरणार होती तेरा घाबरलेली विधिमंडळे. ही समज त्याला उपजत नव्हती. तरुणपणी इंग्रज सैन्यात कायमची सनद मिळवायची त्याची धडपड होती, ती सफल झाली नाही; पण लढाईची त्याची कल्पना इंग्रजीच होती. एका मोठ्या सामन्यात निकाल लावावा, हीच. न्यूयॉर्कने ती खोड मोडली. ८ सप्टेंबर १७७६ ला त्याने काँग्रेसला लिहिले की सर्व शक्तीनिशी समोरासमोरची लढाई टाळली पाहिजे. लिहिले खरे, पण दोनच महिन्यांनी त्याने फोर्ट वॉशिंग्टन हा किल्ला सोडायला उशीर केला आणि १६ नोव्हेंबरला सुमारे २,८०० माणसे शत्रूच्या हाती दिली. त्यातले कितीतरी न्यूयॉर्कच्या कोठड्यांत आणि बंदीजहाजांवर मेले. ही चूक त्याचीच होती. किल्ला टिकवायला सांगणारा ग्रीन होता, हेही खरे. दोघेही त्या एका दिवसातून शिकले, आणि त्यांच्या मोठेपणाची सुरुवात मी त्या पराभवापासून मोजतो.

त्यानंतरचा डिसेंबर बघा. फौज न्यू जर्सीतून मागे हटत डेलावेअर नदीपलीकडे गेलेली. अनेकांच्या नोकरीची मुदत ३१ डिसेंबरला संपणार, म्हणजे नव्या वर्षात फौज उरेल की नाही हीच शंका. अशा वेळी २५ डिसेंबरच्या रात्री बर्फाचे तुकडे वाहणाऱ्या नदीतून २,४०० माणसे पार करून ट्रेंटनमधल्या जर्मन पलटणीवर छापा घालणे ही लष्करी गरज कमी, राजकीय गरज जास्त होती. सुमारे नऊशे कैदी मिळाले. ट्रेंटन गाव काही राखायचे नव्हतेच. मिळवायचा होता तो शिपायांचा आणि त्यांच्या घरच्यांचा विश्वास, आणि तो आठवड्याभरात प्रिन्स्टनच्या विजयाने पक्का झाला.

यापेक्षाही मोठा एक निर्णय त्याने घेतला, पण तो कोणत्याच चित्रात दिसत नाही. १७७५-७६ च्या क्वेबेक मोहिमेत अमेरिकन फौजेची वाताहत शत्रूइतकीच देवीच्या रोगाने केली होती. वॉशिंग्टनला स्वतःला एकोणिसाव्या वर्षी बार्बाडोसमध्ये देवी आल्या होत्या. फेब्रुवारी १७७७ मध्ये त्याने फौजेला देवी टोचण्याचा हुकूम दिला. जेनरची लस यायला अजून एकोणीस वर्षे होती. तेव्हाची रीत म्हणजे खऱ्या देवीचाच पू जखमेत घालून सौम्य आजार अंगावर घेणे. काहीजण त्यात दगावत. टोचलेले शिपाई काही आठवडे निकामी होत, आणि ही बातमी शत्रूला कळली तर सगळेच संपले. तरी त्याने ती जोखीम घेतली. व्हॅली फोर्जच्या हिवाळ्यात दोन हजारांच्या आसपास माणसे तापाने, हगवणीने, उपासमारीने मेली, पण फौज फुटली नाही. वसंतात ती श्टॉयबेन या प्रशियन अधिकाऱ्याच्या कवायतीतून नवी होऊन बाहेर आली. ग्रीनने त्याच वेळी रसदखात्याचे प्रमुखपद पत्करले. ऱ्होड आयलंडच्या क्वेकर लोहाराचा हा लंगडणारा मुलगा, त्याला लढायचे होते, नाव कमवायचे होते. आणि वाट्याला आल्या गाड्या, घोडे आणि तंबूंच्या याद्या. डॅन नदीवरच्या होड्यांचे श्रेय मी त्या याद्यांना देतो.

आता दक्षिणेकडे. मे १७८० मध्ये चार्ल्सटन पडले, पाच हजारांहून अधिक अमेरिकन कैद झाले. ऑगस्टमध्ये कॅम्डेनला कॉर्नवॉलिसने अमेरिकन सेनापती गेट्सची फौज उधळली. साउथ कॅरोलिना जिंकल्यात जमा होता. तो हातचा गेला तो एका कागदाने. शरण आलेल्या लोकांना घरी शांत बसण्याच्या शब्दावर सोडले होते. ३ जूनला सर हेन्री क्लिंटनने जाहीर केले की आता शांत बसणे पुरणार नाही, राजाच्या बाजूने सक्रिय व्हावे लागेल, नाहीतर बंडखोर ठराल. हे फर्मान काढून क्लिंटन न्यूयॉर्कला निघून गेला आणि निस्तरणे कॉर्नवॉलिसकडे आले. ज्यांना कोणाचीच बाजू घ्यायची नव्हती, ज्यांना फक्त पेरणी करायची होती, त्यांना बंदूक हाती घेणे भाग पडले. आणि घ्यायचीच तर ती शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बाजूने. ऑक्टोबरात किंग्ज माउंटनवर इंग्रज अधिकारी फर्ग्युसनची राजनिष्ठांची तुकडी पुरती नष्ट झाली. तिला नष्ट करणारे अमेरिकन, नष्ट झालेलेही अमेरिकन.

वसाहतीच्या सेनापतीची दुसरी न भरून येणारी गोष्ट हीच, स्थानिक निष्ठा. राजनिष्ठ माणूस एकदा पुढे आला की त्याचे घर, शेत, बायकामुले उघडी पडतात. इंग्रज फौज गावात आली की तो झेंडा काढायचा. फौज पुढे गेली की शेजारी त्याचा हिशेब चुकता करायचे. प्रत्येक विजयानंतर कॉर्नवॉलिस पुढे सरकायचा, आणि प्रत्येक वेळी मागे राहिलेल्यांना कळायचे की या फौजेच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. गिलफर्डनंतर तर तो विलमिंग्टनच्या किनाऱ्यावर गेला आणि तिथून व्हर्जिनियाकडे वळला. ग्रीन त्याच्या मागे गेला नाही. तो उलटा साउथ कॅरोलिनात शिरला. एप्रिलमध्ये हॉबकर्क्स हिलला हरला, नाइंटी सिक्सचा वेढा त्याला उठवावा लागला, सप्टेंबरात युटॉ स्प्रिंग्जलाही मैदान सोडावे लागले. ‘आम्ही लढतो, मार खातो, उठतो आणि पुन्हा लढतो’ असे त्याने फ्रेंच वकिलाला लिहिले ते याच काळात. वर्षअखेर इंग्रजांच्या ताब्यात त्या प्रांतात चार्ल्सटन आणि त्याच्या आसपासचा भाग एवढेच उरले होते.

मराठी वाचक इथे म्हणेल, हा तर गनिमी कावा. काही अंशी हो. मॅरियन, समटर, पिकन्स या स्थानिक म्होरक्यांच्या घोडेस्वार टोळ्या रसद तोडत, जासूद पकडत, दलदलीत नाहीशा होत. पण ग्रीनने त्या टोळ्यांच्या मागे एक शिस्तबद्ध फौज सतत उभी ठेवली, म्हणून इंग्रजांना छोटी ठाणी राखायला विखुरताही येईना आणि एकत्र होऊन प्रांत राखताही येईना. याचे जवळचे उदाहरण आपल्याकडे आहे, आणि तेही त्याच युद्धाच्या वर्षांतले. जानेवारी १७७९ मध्ये मुंबईहून रघुनाथरावांना घेऊन पुण्याकडे निघालेली इंग्रज फौज मावळात आली, तेव्हा मराठ्यांनी तिला एका लढाईत अडवले नाही. चहूकडून टोचत, रसद तोडत, पुढची गावे ओस पाडत तिला आत येऊ दिले. कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्युअर्ट पडला. त्याला मावळातल्या लोकांनी इष्टूर फाकडा म्हटले आणि शत्रू असूनही त्याची आठवण ठेवली. तळेगावला पोहोचेपर्यंत त्या फौजेचा जोर संपला होता, आणि वडगावला तह करावा लागला. महादजी शिंदे आणि ग्रीन यांना एकमेकांची नावेही ठाऊक नसतील. पण पाहुण्या फौजेची कुवत अंतरावर अवलंबून असते, हे दोघांनाही कळले होते.

फ्रान्सचा आक्षेप मी टाळणार नाही. ५ सप्टेंबर १७८१ ला द ग्रास याच्या आरमाराने चेसापीकच्या मुखाशी इंग्रज जहाजे परतवली नसती तर यॉर्कटाउनला कॉर्नवॉलिस कोंडला गेला नसता. वेढ्यात फ्रेंच शिपाई, फ्रेंच तोफा, फ्रेंच पैसा होता. शिवाय वॉशिंग्टनला हल्ला करायचा होता न्यूयॉर्कवर. दक्षिणेकडे वळण्याची कल्पना रोशांबो या फ्रेंच सेनापतीची. हे सगळे मान्य. मग वॉशिंग्टनकडे काय उरते? एक, जिला मदत करावी अशी फौज सहा वर्षे टिकवून ठेवणे. बुडत्या पक्षाला कोणी राजा कर्ज देत नाही. आणि दोन, पाच वर्षे मनात धरलेला न्यूयॉर्कचा हट्ट सोडून दुसऱ्याचा बेत आपला मानणे आणि तो काटेकोर पार पाडणे. होव आणि बर्गॉइन, क्लिंटन आणि कॉर्नवॉलिस यांच्यातली बेबंदी पाहिल्यावर या दुसऱ्या गुणाची किंमत कळते. १९ ऑक्टोबरला इंग्रजांनी शरणागती पत्करली. कॉर्नवॉलिस आजारी असल्याचे सांगून आला नाही. तलवार घेऊन त्याचा दुय्यम ओहारा आला.

कॉर्नवॉलिसला इथेच सोडले तर त्याच्यावर अन्याय होईल, कारण त्याचा पुढचा प्रवास आपल्या मुलखात आहे. १७८६ मध्ये तो गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला. मे १७९१ मध्ये टिपूविरुद्ध तो श्रीरंगपट्टणच्या तोंडाशी पोहोचला, मैदानात टिपूला हरवले, आणि तरी त्याला मागे फिरावे लागले. पाऊस सुरू झाला होता, बैल पटापट मरत होते, धान्य संपले होते. वेढ्याच्या अवजड तोफा ओढायला जनावर नाही, म्हणून त्याने त्या फोडून टाकल्या. रॅमसोर्स मिलच्या आगीला दहा वर्षे झाली होती. त्या उपाशी फौजेला मेलुकोटेच्या बाजूला समोरून घोडदळ येताना दिसले, ते शत्रूचे वाटले. निघाली मराठ्यांची फौज : हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन. टिपूच्या स्वारांनी जासूद अडवल्यामुळे ती इतकी जवळ आहे याचा इंग्रजांना पत्ताच नव्हता. मराठ्यांच्या छावणीतल्या बाजारात धान्य होते. महाग, पण होते. ज्या बाजारबुणग्यांना आपण पानिपतापासून शिव्या देत आलो, त्यांनी त्या दिवशी कॉर्नवॉलिसची फौज जगवली. पुढच्या वर्षी तो परत आला तो बंजाऱ्यांच्या तांड्यांवर रसदेची घडी बसवून, आणि मार्च १७९२ मध्ये टिपूला अर्धे राज्य देऊन तह करावा लागला. म्हणजे हाच माणूस, हीच हुशारी. कॅरोलिनात त्याच्या बाजूने नव्हते आणि कर्नाटकात होते ते काय? स्थानिक दोस्त, ज्यांच्याकडे धान्य, बैल आणि घोडे होते. ते दोस्त आपण होतो, आणि हे वाचताना मला दर वेळी अस्वस्थ व्हायला होते.

जपण्याच्या कसोटीवर एक गोष्ट राहते, आणि मला ती सर्वांत अवघड वाटते : फौज जपताना ज्याच्यासाठी ती जपायची ते जपणे. वॉशिंग्टनच्या शिपायांना महिनोन्महिने पगार मिळत नव्हता. जानेवारी १७८१ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या पलटणी उठल्या. त्यांच्याशी तडजोड झाली. मग न्यू जर्सीच्या उठल्या. तेव्हा वॉशिंग्टनने तुकडी पाठवून दोन म्होरक्यांना त्यांच्याच सोबत्यांच्या हातून गोळ्या घालवल्या. भुकेल्या माणसांची मागणी रास्त होती, आणि ही शिक्षा मला आजही बोचते. पण त्याने तोच दंडक अधिकाऱ्यांनाही लावला. मार्च १७८३ मध्ये न्यूबर्गच्या छावणीत अधिकारी थकलेल्या पैशांसाठी काँग्रेसला बंदुकीचा धाक दाखवायच्या बेतात होते. तो त्यांच्या सभेत गेला आणि त्यांना परावृत्त केले. त्याच वर्षी २३ डिसेंबरला ॲनापोलिसला काँग्रेससमोर उभे राहून त्याने सेनापतिपद परत केले. वसाहतींच्या मुक्तीनंतर सेनापतीच सत्ताधीश झाल्याची उदाहरणे पुढच्या दोनशे वर्षांत इतक्या देशांनी पाहिली, की त्या दुपारची किंमत कोणत्याही लढाईपेक्षा मला जास्त वाटते.

तरीही हिशेब पुरा होत नाही. नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा गव्हर्नर लॉर्ड डनमोर याने जाहीर केले होते की बंडखोरांचे जे गुलाम राजाच्या बाजूने शस्त्र धरतील ते मुक्त. त्यानंतर हजारो कृष्णवर्णीय माणसे इंग्रज छावण्यांकडे धावली. यॉर्कटाउनच्या वेढ्यात अन्न संपत आले आणि देवीची साथ पसरली तेव्हा कॉर्नवॉलिसच्या फौजेने त्यांनाच दोन्ही तोफखान्यांच्या मधल्या भागात हाकलले. कित्येकजण झुडपांत मरून पडले. जे जगले त्यांना वॉशिंग्टनने पकडून मालकांकडे परत पाठवण्याची व्यवस्था केली; त्यांत त्याच्या स्वतःच्या मळ्यातून पळालेली माणसेही होती. स्वातंत्र्याच्या सेनापतीने आणि साम्राज्याच्या सेनापतीने, दोघांनीही, या माणसांना खर्चाच्या बाजूला धरले.

मे १७८३ मध्ये वॉशिंग्टन हडसनकाठी शेवटचा इंग्रज सेनापती सर गाय कार्लटन याला भेटला, तेव्हा त्याने पहिला विषय काढला तो गुलाम परत देण्याचा. इंग्लंडशी ठरलेल्या तहात तसे कलम होते. कार्लटनने सांगितले की ज्यांना आमच्या सेनापतींनी मुक्तीचा शब्द दिला आहे त्यांना परत दिल्यास आमची अब्रू जाईल. मालकांना हवी असेल तर भरपाई मागता यावी म्हणून प्रत्येकाची नोंद ठेवली आहे. त्या नोंदवहीत सुमारे तीन हजार नावे आहेत. जुलैमध्ये न्यूयॉर्कहून नोव्हा स्कोशियाला निघालेल्या एका जहाजाच्या यादीत एक नाव असे आहे : हॅरी वॉशिंग्टन, वय ४३, पूर्वी जनरल वॉशिंग्टन यांची मालमत्ता, सात वर्षांपूर्वी त्यांना सोडून आला.